घरपोच रुग्णसेवेची तपासणी खाटेपाशी व्हावी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या छोट्या जाहिरातींच्या पानावर गेल्या काही वर्षांत एक मजकूर नित्याचा झाला आहे: ‘घरी रुग्ण सांभाळण्यासाठी अनुभवी नर्स, ब्रदर, केअरटेकर मिळतील, १२ तास व २४ तास’, आणि त्याखाली एक मोबाइल क्रमांक. संस्थेचे नाव असते, पत्ता क्वचित असतो, आणि नोंदणी क्रमांक मी तरी आजवर एकाही जाहिरातीत पाहिलेला नाही. त्या पानावर अधूनमधून माझ्या संस्थेचीही जाहिरात असते, तेव्हा पुढे जे लिहिते आहे ते स्वतःला वगळून लिहिलेले नाही. शासकीय रुग्णालयातून परिसेविका म्हणून निवृत्त झाल्यावर मी लातूर शहरात ही सेवा सुरू केली, आणि आज चाळीसएक मुले-मुली आमच्याकडे काम करतात.

या सेवेची गरज का वाढली हे मराठवाड्यातल्या वाचकांना वेगळे सांगायला नको. मुले पुण्याला किंवा हैदराबादला, आई-वडील निलंग्याला, उदगीरला नाहीतर अहमदपूरला. पक्षाघाताचा झटका येतो, दहा-बारा दिवस दवाखान्यात जातात, मग डॉक्टर ‘आता घरी न्या’ म्हणतात, आणि नाकात नळी, लघवीला कॅथेटर व कमरेखाली नुकताच लाल होऊ लागलेला डाग घेऊन माणूस घरी येतो. परवापर्यंत ज्याच्याभोवती तीन पाळ्यांत नोंदवह्या लिहिल्या जात होत्या, त्याच्या उशाशी आज एक बावीस वर्षांची मुलगी बसलेली असते आणि तिच्या हातात डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय एकही कागद नसतो.

कायद्याच्या दृष्टीने ही मुलगी कुठेच बसत नाही. रुग्णालयांसाठी महाराष्ट्रात १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम आहे, त्याचे नियम २०२१ मध्ये सुधारले गेले, रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे आले. परंतु या अधिनियमातले शुश्रूषागृह म्हणजे आजारी माणसांना दाखल करून घेऊन उपचार व शुश्रूषा देण्याची जागा. आमच्याकडे तशी जागा नसते, कारण जागा रुग्णाची असते. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. डिसेंबर २०१९ मध्ये आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणविषयक कायद्यात दुरुस्ती करणारे एक विधेयक लोकसभेत मांडले गेले होते, आणि त्यात वृद्धांना घरी सेवा देणाऱ्या संस्थांनी नोंदणी करावी, प्रशिक्षित माणसेच नेमावीत आणि किमान दर्जाचे निकष पाळावेत अशी स्पष्ट तरतूद होती. ते स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवालही आला, पण विधेयक मंजूर झाले नाही आणि सतराव्या लोकसभेबरोबर व्यपगत झाले. आम्हा मंडळींपैकी कित्येकांना असे काही येऊ घातले होते याचा पत्ताही नव्हता. मग हातात उरते काय, तर शॉप ॲक्ट. आणि २०१७ च्या अधिनियमाप्रमाणे कामाला माणसे थोडी असतील तर तिथेही नुसती सूचना दिली की भागते. चौकटीत लावलेला तो कागद दुकान उघडे आहे एवढेच सांगतो. रात्री इंजेक्शन कोण देतो, ते सांगत नाही.

अशा सेवेची रीतसर तपासणी कधीतरी सुरू होईलच, आणि व्हायलाच हवी, हे गृहीत धरून मी लिहीत आहे. माझे म्हणणे तिच्या तयारीविषयी आहे, कारण आपल्याकडे तपासणीची तयारी म्हणजे काय हे मी आयुष्यभर जवळून पाहिले. ‘उद्या साहेब येणार’ असा निरोप आला की कपाटातून नव्या चादरी निघत, मुदत संपलेली औषधे मागच्या फडताळात जात, आणि महिनाभराचे तक्ते एका बैठकीत भरले जात. मीही भरले आहेत. एकच शाई, एकच तिरके अक्षर, आणि रक्तदाब रोज १२०/८०. पंधरा दिवस सलग ज्याचा रक्तदाब १२०/८० राहिला असा ऐंशी वर्षांचा माणूस मला अजून भेटायचा आहे. पण तपासणीला आलेल्या एकाही अधिकाऱ्याने त्याबद्दल विचारल्याचे मला आठवत नाही. त्यांचे लक्ष रकाना रिकामा आहे का याकडे असे. भरलेला रकाना खरा आहे का, हा प्रश्न कोणाच्या यादीत नव्हता.

याची किंमत मला पुढे स्वतःच्या संस्थेत मोजावी लागली. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका तालुक्याच्या गावी आमच्याकडे एक मधुमेही आजोबा होते, अंथरुणाला खिळलेले, संध्याकाळच्या जेवणाआधी इन्शुलिन ठरलेले. दिवसपाळीची मुलगी शेवटची एस.टी. चुकेल म्हणून साडेसातला निघाली, रात्रपाळीची परिचारिका आठला पोहोचायची होती. मधल्या अर्ध्या तासात ताट वाढायची वेळ झाली, तेव्हा सुनेने, जी दवाखान्यातच इन्शुलिन द्यायला शिकली होती, ते देऊन टाकले आणि ती शेजारी हळदीकुंकवाला गेली. परिचारिका आली, तिने आजींना विचारले, आजींना कमी ऐकू येत असे आणि त्यांनी मान हलवून ‘नाही’ म्हटले. तिने दुसऱ्यांदा दिले. अकराच्या सुमारास आजोबांना दरदरून घाम फुटला. मुलगी हुशार, तिने लगेच ग्लुकोमीटर लावला तर साखर ४६, म्हणजे धोक्याइतकी उतरलेली. ते शुद्धीवर होते म्हणून साखरेचे पाणी पाजता आले, तेवढ्यात घरच्यांनी गाडी काढली, आणि तिसऱ्या दिवशी आजोबा घरी परतले. त्या रात्री झोप लागली नाही म्हणून मी पहाटेच कार्यालयात जाऊन त्यांची फाइल काढली. परिचारिकेचे महाराष्ट्र परिचर्या परिषदेचे नोंदणी प्रमाणपत्र होते आणि त्याचे नूतनीकरणही झालेले होते; पोलीस पडताळणी, कुटुंबाशी झालेला करार, डॉक्टरांची चिठ्ठी, सगळे जागच्या जागी होते. त्या दिवशी कोणी तपासणीला आले असते तर आम्हाला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

फाइल चुकीच्या जागी होती. ती कार्यालयात होती आणि आजोबा तिथून साठ किलोमीटरवर.

तेव्हापासून आमची पद्धत बदलली, आणि उद्या कोणी नियम केलेच तर या पद्धतीचा विचार व्हावा असे मला वाटते. प्रत्येक घरी खाटेच्या कडेला दोरीने बांधलेली एक फाइल असते आणि ती त्या घरातून हलत नाही. पहिल्या पानावर रुग्णाचे वय, आजार, कशाची ॲलर्जी असल्यास ती लाल शाईने, डॉक्टरांचा क्रमांक, १०८, आणि रात्री उघडा असणारा सर्वांत जवळचा दवाखाना. हे शेवटचे सोपे वाटते, पण तालुक्याच्या गावात ‘रात्री उघडा’ हा शब्द आधी स्वतः जाऊन पडताळावा लागतो. त्यानंतर औषधांचा तक्ता. त्यात पूर्वी वेळ आणि सही एवढेच दोन रकाने होते, आता तिसरा आहे: कोणी दिले, आमच्या माणसाने की घरच्यांनी. औषध देईल त्याने त्याच क्षणी लिहायचे, मग ती सून असो की मोठे चिरंजीव. पहिल्यांदा हे कोणालाच रुचत नाही. ‘पैसे आम्ही द्यायचे आणि सह्याही आम्हीच करायच्या का’ असे एका गृहस्थांनी मला ऐकवले होते, आणि त्यांचे काही फार चुकले असे नाही. पण त्यांना आजोबांची ही हकिगत सांगितली, तेव्हा त्यांनी मुकाट्याने पेन घेतले. त्याखाली कॅथेटर आणि नाकातली नळी कधी घातली व कधी बदलायची त्या तारखा, दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद, आणि पाळी बदलताना दोघींनी मिळून पाठ, कंबर, टाचा पाहिल्याची दोन सह्यांची ओळ. एकटीची सही तिथे चालत नाही, कारण बेडसोर, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणारी जखम, नेहमी ‘आधीच्या पाळीत’ झालेला असतो.

अशी फाइल असली म्हणजे ती खोटी भरता येत नाही असे मुळीच नाही. म्हणून मी पंधरा दिवसांतून एकदा न सांगता एखाद्या घरी जाते, आणि फाइल उघडण्याआधी रुग्णाला कुशीवर वळवून त्याची पाठ पाहते. मग गोळ्यांची पट्टी हातात घेऊन उरलेल्या गोळ्या मोजते. तक्त्यावर बारा खुणा आणि पट्टीत नऊच रिकाम्या खोबणी असल्या की पुढचे बोलणे आपोआप निघते. त्यानंतर केअरटेकरला एकच प्रश्न: ‘काका आत्ता खाटेवरून पडले तर पहिल्यांदा काय करशील?’ ‘उचलून खाटेवर ठेवीन’ असे उत्तर आले, तर तिचे प्रशिक्षण कागदावरच झाले असे समजते, मग तिच्याकडे कितीही प्रमाणपत्रे असोत. नर्स आणि केअरटेकर यांतला फरकही तिथेच तपासायचा असतो. परिचर्येच्या जीएनएम अभ्यासक्रमाची तीन वर्षे किंवा एएनएमची दोन वर्षे करून परिषदेत नोंदलेली परिचारिका वेगळी, आणि काही महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेली केअरटेकर वेगळी. सलाईन आणि इंजेक्शन हे दुसरीचे काम नाही. घरचे तिलाही ‘सिस्टर’च म्हणतात आणि ‘एवढं इंजेक्शन देऊन टाका’ असा आग्रह करतात. तेव्हा नाही म्हणण्याचे बळ तिला संस्थेने द्यायचे असते, आणि ती नकार देते का हे तपासणाऱ्याने तिला एकटीला विचारून पाहावे.

आपल्या भागाचे म्हणून काही प्रश्न आहेत, जे मुंबईत बसून केलेल्या नियमावलीत येतीलच असे नाही. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो, आणि खेड्यात डीपी (विजेचे रोहित्र) जळाली की दोन-तीन दिवस अंधार. ज्या घरी आम्ही असा रुग्ण घेतो तिथे भरलेला सिलिंडर उभा असल्याशिवाय पहिली पाळी सुरू करत नाही. तपासणाऱ्याने यंत्राचा मुख्य स्विच बंद करून पाच मिनिटे काय होते ते पाहावे. इन्शुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२ च्या वर जातो आणि फ्रिज नसलेल्या घरांत कुपी माठाच्या कडेला ओल्या फडक्यात ठेवलेली आढळते. वापरात असलेल्या कुपीपुरता हा तोडगा मी समजू शकते, महिन्याच्या साठ्यासाठी नाही. आणि पाणी. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले, तेव्हा हात धुण्याचे नियम सांगताना माझी जीभ अडखळत असे. आजही काही वस्त्यांत नळ आठ-आठ दिवसांनी येतो; तेव्हा परिचारिकेच्या पिशवीत हाताला लावायचे सॅनिटायझर आहे का, आणि बाटली अर्धी संपलेली आहे का, हे दोन्ही पाहायला हवे. भरलेली बाटली ही तपासणीसाठी ठेवलेली बाटली असते.

सुयांचे काय होते याबद्दल तर मला लिहायलाही संकोच वाटतो. जैववैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम रुग्णालयात सगळ्यांना तोंडपाठ असतात: ड्रेसिंगचा कापूस पिवळ्यात, नळ्या व हातमोजे लालमध्ये, सुया पांढऱ्या न भोसकणाऱ्या डब्यात, काचेच्या कुप्या निळ्यात. तीच सुई घरी वापरली की घंटागाडीत जाते आणि सफाई कामगाराच्या हाताला टोचते. त्याच वर्षीच्या घनकचरा नियमांनी घरातल्या सुया-सिरिंजांना घरगुती घातक कचऱ्यात धरले होते, पण त्या वेगळ्या घेणारी गाडी मला कधी दिसली नाही. आम्ही प्रत्येक घरी जाड प्लॅस्टिकचा झाकणाचा डबा देतो, तो तीन-चतुर्थांश भरला की परत आणतो आणि अधिकृत सामायिक प्रक्रिया केंद्राच्या गाडीकडे सोपवतो. खर्च फारसा नाही, चिकाटी मात्र लागते.

ज्यांच्या जिवावर ही सेवा चालते त्या मुलींची तपासणी करताना त्यांच्यासाठीही कोणी तपासणी करावी. चोवीस तासांच्या कामावर गेलेली मुलगी रात्री कुठे झोपते, तिच्या खोलीला आतून कडी आहे का, तिला जेवायला सगळ्यांबरोबर मिळते की उरलेले, ती नर्सिंगचे काम करते की धुणीभांडीही, हे प्रश्न मला कोणत्याही नमुन्यात दिसत नाहीत. लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याने कामाच्या ठिकाणाच्या व्याख्येत राहते घरही घेतले आहे. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या संस्थेला अंतर्गत समिती बंधनकारक आहे, आणि त्याहून लहान संस्थेतल्या बाईसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. पण तिला त्या समितीचा पत्ता कोणी सांगितलेला नसतो. मुलीने काम सोडू नये म्हणून तिची मूळ प्रमाणपत्रे कपाटात ठेवून घेणारे चालकही आमच्या धंद्यात आहेत. तपासणाऱ्याने कपाट उघडायला लावावे.

जाता जाता एक. रुग्णाच्या जखमेचे फोटो व्हॉट्सॲपच्या गटावर टाकण्याची सवय आम्हा सर्वांना लागली आहे, आणि त्या गटात कधीकाळी काम सोडून गेलेली मंडळीही असतात. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्येच झाला आहे. आम्ही तो गट बंद केला.

अमेरिकेत मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेतून पैसे घेणाऱ्या अशा संस्थांची किमान छत्तीस महिन्यांतून एकदा आगाऊ सूचना न देता तपासणी होते, आणि तपासणारे कागद पाहून थांबत नाहीत, परिचारिकेबरोबर रुग्णाच्या घरी जातात. रुग्ण सोपवल्यापासून किंवा तो घरी आल्यापासून ४८ तासांत पहिले मूल्यमापन, दर साठ दिवसांनी उपचार-आराखड्याचा फेरविचार, मदतनिसांना किमान ७५ तासांचे प्रशिक्षण व त्यातले १६ तास प्रत्यक्ष काम, आणि त्रुटी सापडल्यास दहा दिवसांत दुरुस्तीचा लेखी आराखडा, असा तो सारा व्यवहार आहे. तिथे विम्याचा पैसा असल्यामुळे संस्थेची मान सरकारच्या हातात असते. इथे पैसा कुटुंबाच्या खिशातून येतो. म्हणून तिथला सांगाडा जसाच्या तसा उचलून चालणार नाही, पण घरी जाऊन पाहण्याची रीत उचलायला काय हरकत आहे?

याला आमच्याच लोकांकडून दोन आक्षेप येतात. पहिला असा की नियम आले की लहान संस्था बंद पडतील आणि मोठ्या शहरांतल्या कंपन्या येतील. ही भीती खोटी नाही, आणि शंभर रकान्यांचा नमुना आला तर तसेच होईल. परंतु दोरीने बांधलेली फाइल, झाकणाचा डबा आणि परिषदेचा नोंदणी क्रमांक यांना भांडवल लागत नाही. दुसरा आक्षेप दबक्या आवाजात येतो: तपासणी म्हणजे पाकीट. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही, एवढेच म्हणेन की कार्यालयातल्या फाइलवर तडजोड करणे सोपे असते, लेकासुनांच्या देखत रुग्णाच्या पाठीवर करणे तितके सोपे नसते.

नवा कायदा येईपर्यंतही काही गोष्टी अडून राहायचे कारण नाही. जिल्हा शल्यचिकित्सक आणि महापालिकांचे आरोग्य अधिकारी यांनी आपापल्या हद्दीतल्या अशा संस्थांची निदान स्वेच्छा यादी करावी. रुग्णालयांनी रुग्णाला घरी सोडताना डिस्चार्ज कार्डाबरोबर औषधांचा तक्ता मराठीत आणि मोठ्या अक्षरांत द्यावा. आणि आपल्या दैनिकाने, महोदय, या जाहिराती स्वीकारताना संस्थेचा पूर्ण पत्ता आणि किमान एका परिचारिकेचा परिषदेतला नोंदणी क्रमांक मागावा. तो छापायचा नसेल तर छापू नये, पण मागावा. पहिल्या आठवड्यात किती जाहिराती परत जातात ते आपल्यालाच दिसेल.

राहता राहिली तपासणीची वेळ. ती सकाळी अकरा वाजता कार्यालयात ठेवू नये. कुटुंबाची लेखी संमती घेऊन रात्री आठ वाजता, एक पाळी निघताना आणि दुसरी येताना, रुग्णाच्या घरी यावे. आमच्या संस्थेपासून सुरुवात केली तरी माझी हरकत नाही, फक्त आधी फोन करू नये.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिसेविका,
लातूर